‘म्हून’चं इंग्रजी

मॅट्रिकच्या इंग्रजीत एकदा-दोनदा आपटलेल्या पोरांना बुलढाण्यात शेवटी एकच दार उरायचं, ते जानराव मास्तरांचं. मास्तर कोणत्या शाळेत नव्हते. भाड्याच्या दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत तरट आणि भिंतीला टेकवलेला फळा, एवढा त्यांचा कारभार. गावात त्यांना जानराव म्हणून विचारलं तर दोघे-तिघे नाही म्हणायचे, आणि ‘लेस्ट मास्तर’ म्हटलं की लहान पोरही घर दाखवायचं. बोर्डाच्या पेपरात लेस्टवर फार तर एखादा प्रश्न यायचा, कधी यायचाही नाही. मास्तर मात्र त्या एका शब्दावर आख्खा आठवडा घालवायचे, आणि आईबाप कुरकुर करत पोरांना दुसऱ्या शिकवणीला घालायचे.

एरवी माणूस शिकवायला चांगला होता. आपल्या बोलण्यात ‘जरी’ आला की मागोमाग ‘तरी’ येतोच, म्हणून पोरं ‘ऑल्दो’च्या मागे हमखास ‘बट’ लावायची. मास्तर तो बट खोडायचे आणि सांगायचे की इंग्रजीत एकटा ऑल्दो पुरतो. ‘अनलेस’च्या पोटात ‘नाही’ आधीच आहे, त्यात आणखी ‘नॉट’ कोंबू नका, हेही समजावायचे. इथवर ते चारचौघांसारखे मास्तर होते. मग ते फळ्यावर मराठीत तीन वाक्यं लिहायचे. पाऊस आला म्हणून थांबलो. पास व्हावं म्हणून अभ्यास केला. पोरगं पडेल म्हणून हात धरला. तिन्हींत ‘म्हणून’ एकच, पण इंग्रजीत तिघांना तीन वेगळे शब्द लागतात, असं म्हणून ते पोरांकडे पाहायचे. पहिल्याला ‘सो’, दुसऱ्याला ‘सो दॅट’ हे कोणीतरी सांगायचं. तिसऱ्यालाही एखादा गडी ‘सो दॅट’च ठोकून द्यायचा. म्हणजे पोरगं पडावं एवढ्यासाठी हात धरला. तिथे हवा असायचा ‘लेस्ट’, म्हणजे पडू नये म्हणून. पोरं खदाखदा हसायची आणि मास्तर खडू ठेवून आत निघून जायचे. बऱ्याच वेळाने बाहेर यायचे तेव्हा तोंड धुतलेलं असायचं.

पोरांना त्याचंही हसू यायचं. त्यांना दोष द्यायचं कारण नाही, त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

जानराव मूळचे सोनाळ्याकडच्या एका खेड्यातले. बाप लहानपणीच गेला, आई तानाबाई दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जायची. गावाने धम्म घेतला त्या सुमारास जानराव शाळेत वरच्या वर्गात होता, आणि घरात खायला नाही म्हणून तानाबाई त्याला शाळेतून काढायला निघाली होती. तिला आडवा आला तो शेजारचा कचरू. कचरू विहिरी खणायचा, उन्हाळ्यात त्यांचा गाळ उपसायचा. अंगाने दांडगा, बोलायला तिखट. धम्म घेतल्यावर मेलेली ढोरं ओढायचं काम वस्तीत सगळ्यांत आधी त्याने सोडलं होतं आणि त्यापायी शिव्याही खाल्ल्या होत्या. त्याने तानाबाईला सांगितलं की पोराचं दोन वक्ताचं माझ्या घरी, पण शाळा सोडवायची नाही. त्याची बायको जनकाबाई हे ऐकून तोंड वाकडं करेल असं वाटलं होतं, पण तिने त्याच सांजेला एक भाकर जास्त थापली. जानराव मॅट्रिक झाला तेव्हा गूळ कचरूने वाटला, आईने नाही.

पुढे जानराव जिल्ह्यातल्या एका कोर्टाच्या कचेरीत भाषांतरकार म्हणून लागला. मराठीतले जबाब, अर्ज, दाखले इंग्रजीत करायचे, हे काम. मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाला होता, कारभार मराठीत येणार असं सगळे म्हणत होते, पण साहेबाच्या टेबलावर अजून इंग्रजीच लागायची. पहिल्याच दिवशी जानराव बोलता बोलता ‘मले कोनी सांगतलं नाही’ असं म्हणून गेला आणि कचेरी महिनाभर त्यावर हसली. जो तो येता-जाता त्याला ‘तुले सांगतलं का’ विचारायचा. हेडक्लार्क महादेवराव हसले नाहीत, पण त्यांनी जवळ बोलावून सांगितलं की खुर्ची मिळाली आहे तर तोंडही खुर्चीला शोभेसं ठेवा. जानरावने ते मनावर घेतलं. मले-तुले गेलं, काऊन गेलं, जाऊन राह्यलो गेलं. सुट्टीत गावी गेला तरी तो पुस्तकासारखा बोलायचा आणि तानाबाई त्याच्याकडे परक्यासारखी बघायची. आपली बोली माणूस अशी खरवडून काढतो तेव्हा तिच्याबरोबर काय काय जातं, हे त्याला तेव्हा कळत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात गावात विहिरीचं प्रकरण झालं. पुंजाजी नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीचा गाळ काढायचं काम कचरूकडे होतं. गाळ काढायला कचरू चालायचा, पण पाणी त्याने शेंदून प्यायचं नव्हतं, कोणी वरून ओतलं तर ओंजळीने प्यायचं. त्या दिवशी ओतायला कोणी नव्हतं. कचरूने बादली सोडली, पाणी काढलं आणि प्याला. पुंजाजीने ते पाहिलं आणि बादली लाथेने उडवून दिली. कचरू तिथे गप्प बसला, पण सोनाळ्याच्या बाजारात चारचौघांत बोलून गेला की हीच विहीर एक दिवस पुंजाजीला पाणी पाजेल. तिखट तोंडाचा माणूस, बोलला आणि विसरला. ऐकणारे विसरले नाहीत.

काम अर्धवट होतं, म्हणून काही दिवसांनी पुंजाजीने त्यालाच पुन्हा बोलावलं. खाली भरून ठेवलेल्या गाळाच्या टोपल्या कचरू वर उभा राहून ओढत होता. खाली पहार अडकली ती सोडवायला पुंजाजी स्वतः उतरला. गाळ चाळवला की कधी कधी विहिरीच्या तळाशी वाईट हवा साचते. पुंजाजीला घेरी आली आणि तो गुडघ्यावर बसला. कचरूने वरून दोर सोडला. पुंजाजीने तो मनगटाला गुंडाळला आणि कचरू ओढू लागला, पण मधेच पुंजाजीची शुद्ध गेली आणि त्याचा सगळा भार एकदम दोरावर आला. कचरूच्या तळहातांची सालं काढत दोर शेवटच्या टोकापर्यंत खाली गेला. तो बोंबलत शेताशेतांतून पळाला. माणसं आली तेव्हा पुंजाजी मेलेला होता आणि दोर त्याच्या अंगावर पडलेला होता.

बाजारातलं बोलणं आणि विहिरीतला दोर, या दोन गोष्टींवर पोलिसांनी कचरूला धरलं. मॅजिस्ट्रेटपुढे त्याचा जबाब झाला. काय झालं ते त्याने सरळ सांगितलं: “तो मरन म्हून म्या दोर सोडला.” आपल्याकडच्या कोणत्याही म्हातारीला यातलं समजायला काही लागत नाही. पण जबाब लिहिणारा कारकून टापटिपीचा होता. त्याने बोली पुसून शुद्ध मराठी केलं आणि कागदावर आलं: तो मरेल म्हणून मी दोर सोडला. कचरूने खाली अंगठा दिला. तो कागद भाषांतराला जानरावच्या टेबलावर आला.

कचरूचं नाव जानरावने आधीच वाचलं होतं. त्या वाक्यापाशी त्याचा टाक थांबला, हे पुढे त्याने कधी नाकारलं नाही. कागदावरच्या त्या नीटनेटक्या ओळीत कचरूचा आवाज नव्हता. दोर सोडला म्हणजे खाली सोडला की हातातून सोडून दिला? मरेल म्हणून म्हणजे मरू नये म्हणून, की मरावा म्हणून? त्याला दोन्ही अर्थ दिसले. उठून साहेबाला विचारता आलं असतं, कागदाच्या कडेला तशी टीप देता आली असती. पण महादेवराव समोर बसले होते, आणि अख्ख्या कचेरीला ठाऊक होतं की आरोपी जानरावच्या वस्तीतला आहे. आपल्या माणसाकडे झुकला असं कोणी म्हणेल, या भीतीने तो उलट्या बाजूला झुकला. पुस्तकात ‘म्हणून’पुढे ‘सो दॅट’ दिलेलं होतं. त्याने सो दॅट लिहिलं. दोरापुढे ‘लेट गो’ लिहिलं. मनाला समजावलं की एका शब्दावर कोणाचा खटला उभा राहत नाही.

राहिला. न्यायाधीश दूरच्या मुलखातले होते, मराठी त्यांना कामापुरतं यायचं आणि वऱ्हाडी कानाला लागायचंच नाही. सरकारने दिलेल्या वकिलाने कागद उघडला तो उभं राहिल्यावर, आणि त्यानेही इंग्रजीच वाचलं. हा जबाब तुझाच का, असं कचरूला विचारलं गेलं. त्याचाच होता, तर तो दुसरं काय सांगणार? त्याने हात पुढे करून तळवे दाखवले, पण तोवर कातडी भरून आली होती. निकालाच्या दिवशी साहेबांनी इंग्रजीतून वाचून दाखवलं की आरोपी स्वतःच म्हणतो, पुंजाजी मरावा एवढ्यासाठी मी दोर हातातून सोडला. जन्मठेप झाली.

शिपाई कचरूला बाहेर व्हरांड्यात घेऊन आले. जनकाबाई खांबाला धरून उभी होती. कचेरीत वस्तीतला माणूस एकच, तेव्हा कचरूने त्यालाच हाक मारली आणि साहेब काय म्हणाला ते विचारलं. जानराव आला आणि त्याला स्वतःचंच इंग्रजी उलटं मराठीत करावं लागलं. पुंजाजी मरावा म्हणून तू दोर सोडलास, असं तू म्हणालास, असं साहेब म्हणतात.

कचरू त्याच्याकडे वळला. “मरावा म्हून?” तो म्हणाला. “अरे, म्या मरन म्हून म्हटलं. वाचवाले सोडला ना बे दोर. तुले त समजते.”

जानरावला समजलं. कागदावर न आलेला आवाज आता कानात आला आणि त्या वाक्याचा दुसरा अर्थ उरलाच नाही. त्याच्या आईने हजारदा तसंच म्हटलं होतं: उन्ह लागन म्हून टोपी घाल, साप असन म्हून कंदील ने. कचरू त्याच्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिला, मग बायकोला म्हणाला की घरी जा, आणि शिपायांबरोबर चालू लागला.

वरच्या कोर्टात अपील करायला मुदत होती. आपली चूक झाली असं जानरावने लिहून दिलं असतं तर ते वाक्य तिथे टिकलं नसतं, आणि त्या वाक्याशिवाय बाजारातल्या बडबडीपलीकडे कचरूविरुद्ध काही नव्हतं. हे जानरावला पक्कं माहीत होतं. तो महादेवरावांकडे गेला. महादेवराव वाईट माणूस नव्हते, त्यांचं बोलणं नेहमी दुसऱ्याच्या भल्याचं असायचं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि समजावलं की भाषांतर पुस्तकाला धरून आहे, त्यात चूक दाखवायची तर तुम्हीच दाखवाल, दुसरं कोणी दाखवणार नाही. दाखवलीत तर नोकरी जाईल. “आणि तुमच्यामागून तुमच्यातल्या दुसऱ्या माणसाला या खुर्चीवर कोण बसू देईल?” एवढंच ते मोठ्याने बोलले. जानराव उठून आपल्या टेबलाशी गेला.

आठवड्याने जनकाबाई आली, सोनाळ्याहून मोटारी बदलत, फडक्यात भाकरी बांधून. अपिलाचा अर्ज इंग्रजीत हवा होता. वकिलाने सांगितलं होतं की तुझ्या सांगण्याप्रमाणे कोणाकडून तरी मुद्दे लिहून आण, मी बघून पाठवतो. ती दाराशीच बसली आणि म्हणाली, “तू आपला हायेस म्हून आली.”

जानरावने अर्ज लिहिला. तसा अर्ज त्या कचेरीत कोणी लिहिला नसेल. ऑल्दो होता, त्यामागे बट नव्हता. अनलेस होतं, व्हेअरॅज होतं, इनॅज्मच अ‍ॅज होतं. आरोपीची गरिबी, त्याचा स्वच्छ चारित्र्याचा दाखला, बाजारात बोललेल्या शब्दांना किती वजन द्यावं, सगळं एकाला एक सांधून मांडलेलं होतं. भाषांतरात चूक आहे, एवढं एकच वाक्य त्यात नव्हतं. ते लिहायला त्याने दोनदा टाक उचलला आणि दोनदा खाली ठेवला. जनकाबाईने भाकरीतली अर्धी त्याच्यापुढे ठेवली आणि जेव म्हणाली. तो जेवला. हे कसं गिळलं असेल ते त्याचं त्याला माहीत.

अपील फेटाळलं गेलं. आरोपीच्या स्वतःच्या जबाबाकडे दुर्लक्ष करता येत नाही, असं वरून लिहून आलं.

ज्या नोकरीसाठी हे सगळं केलं ती पुढे वर्षभरही टिकली नाही. कागदात ‘म्हणून’ आला की जानरावचा हात थांबायचा. सो लिहावं, सो दॅट लिहावं, बिकॉज लिहावं, काही ठरायचं नाही; दिवस जायचा आणि पान तसंच राहायचं. कागदांचा ढीग चढत गेला. साहेब ओरडले, मेमो आला, आणि शेवटी महादेवरावांनीच पुन्हा दार लोटून घेऊन, पुन्हा त्याच्या भल्यासाठी, राजीनामा द्यायला सुचवलं. जानरावने दिला. नोकरी गेल्याचं गावाला कळवायची त्याला लाज वाटली. तानाबाई त्याच पावसाळ्यात वारली, तिलाही त्याने सांगितलं नव्हतं. लग्न केलं नाही. बुलढाण्यात पडवी घेतली, फळा आणला आणि पोरांना लेस्ट शिकवायला लागला.

वर्षं गेली. जनकाबाई कापूस वेचायच्या दिवसांत तापाने गेली, ते जानराव मास्तरांना नांदुऱ्याच्या स्टेशनवर गावच्या कुणाकडून तरी कळलं. त्या रात्री ते गावी गेले नाहीत, नंतरही गेले नाहीत. तुरुंगातही कधी गेले नाहीत. सणावाराला निघायचे, मोटार स्टँडपर्यंत जायचे आणि परत यायचे. भित्रा माणूस होता, दुसरा शब्द नाही. पण भित्र्या माणसालाही झोप लागत नाही.

आणि एका दुपारी, शिकवणी चालू असताना, पडवीच्या पायरीशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. पाठीत वाकलेला, डोक्याला नुसतं फडकं. मास्तरांनी आधी ते विहिरी खणणारे दांडगे तळहात ओळखले. त्यांनी पोरांना सोडून दिलं. दोघं-तिघं दप्तर आवरायच्या निमित्ताने रेंगाळली, त्यांनी पुढचं ऐकलं, म्हणून ते गावाला कळलं.

कचरूने पाणी मागितलं. मास्तरांनी माठातून तांब्या भरून दिला. तो सावकाश प्याला, मग पायरीवर टेकला. सुटून महिना झाला होता, गावी जाऊन आला होता, घर पडलं होतं. सोनाळ्याच्या बाजारात कोणीतरी त्याला सांगितलं होतं की तानाबाईचा पोरगा आता बुलढाण्यात असतो. मास्तर त्याच्यासमोर जमिनीवर बसले. इतकी वर्षं मनात घोकलेलं सगळं इंग्रजी, सगळं शुद्ध मराठी त्यांच्या तोंडातून नाहीसं झालं होतं.

“कचरूभाऊ,” ते म्हणाले, “ते इंग्रजी म्या लिवलं होतं. माह्या हातानं.”

“हाव,” कचरू म्हणाला. “मले ठाव हाये.”

“कोनं सांगतलं?”

“कोनी नाही. त्या दिशी तुह्या तोंडावूनच समजलं.”

अपिलाच्या वेळी वकील तुरुंगात येऊन कचरूला भेटून गेला होता, काय चुकलं ते सांग म्हणाला होता, हे मास्तरांना जनकाबाईकडून तेव्हाच कळलं होतं. तिथे कचरूने एक शब्द काढला असता तर ते भाषांतर कोणी केलं हे निघालंच असतं. मग तू बोलला काऊन नाहीस, असं त्यांनी शेवटी विचारलं.

कचरूने तांब्या उलटा करून उरलेले थेंब पायरीवर पाडले. त्याला यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटलेलं दिसलं नाही.

“तुही नोकरी जाईन म्हून,” तो म्हणाला.

रेंगाळलेल्या पोरांनी मास्तरांकडे पाहिलं. या वाक्याचं इंग्रजी त्यांना त्याच आठवड्यात शिकवलेलं होतं. मास्तर खाली बघत होते.

मग कचरूने पडवी पाहिली, फळा पाहिला, रेंगाळलेली पोरं पाहिली. एवढी पोरं घरी येतात ती साहेबाच्याच घरी येत असतील, असं त्याला वाटलं असावं. त्याने विचारलं, “मंग, हाये ना नोकरी?”

“हाव,” मास्तर म्हणाले. “हाये.”

“मंग झालं त,” कचरू म्हणाला, आणि सोनाळ्याकडची मोटार चुकेल म्हणून उठला.